नात्यात नसलेली तीन माणसं

पुना गुरुजींनी पेनचं टोपण काढलं, निब टिपकागदावर टेकवून पाहिली, चष्मा सारखा केला आणि लिहायला सुरुवात करण्याआधी, सवयीप्रमाणे, फॉर्मवरची बारीक अक्षरांतली सूचना वाचली. मग त्यांनी टोपण परत लावलं.

"काय झालं गुरुजी? शाई संपली?" समोर चटईवर बसलेल्या सुकदेवनं विचारलं.

"शाई भरपूर आहे. हे वाच."

सुकदेवनं वाचलं. फॉर्म अमेरिकेतून आला होता. अर्जासोबत तीन जणांची शिफारसपत्रं जोडायची होती. ही माणसं अर्जदाराला निदान दोन वर्षं ओळखणारी असावीत, आणि ती अर्जदाराच्या नात्यात नसावीत, असं तिथे स्वच्छ छापलं होतं.

"मग? तुम्ही तर मला पहिलीपासून ओळखता."

"ओळखतो. पण तुझी आई आणि माझी बायको तानुबाई सख्ख्या मावसबहिणी. म्हणजे मी तुझा मावसा."

"अहो, पण मी तुम्हाला जन्मात कधी मावसा म्हटलं नाही! गुरुजीच म्हणत आलो."

"तू काय म्हणतोस ते त्यांनी विचारलेलं नाही."

"अमेरिकेत कुणाला कळणार आहे, गुरुजी?"

"अमेरिकेला नाही कळणार," गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुला आणि मला कळेल. दोन माणसांना कळलं म्हणजे पुष्कळ झालं."

गुरुजींनी एकतीस वर्षं दोंडाईच्याजवळच्या या गावात शाळा चालवली होती, आणि पाटीवर काय वाटेल ते लिहा पण कागदावर खोटं लिहू नका, हे त्यांनी इतक्या पिढ्यांना सांगितलं होतं, की आता स्वतःला सूट घेणं त्यांना शक्यच नव्हतं.

खरं म्हणजे सुकदेव अमेरिकेला जावा असं गुरुजींइतकं गावात कुणालाच वाटत नव्हतं. तिसरीत असताना हा पोरगा काणी पडलेलं ज्वारीचं कणीस घेऊन वर्गात आला होता. दाण्यांच्या जागी काळी भुकटी. "गुरुजी, हे असं का होतं?" गुरुजी म्हणाले होते, "मला माहीत नाही. तू शोधून काढ आणि मला सांग." पोरानं ते मनावर घेतलं. धुळ्याच्या शेतकी कॉलेजात पहिला आला, आणि आता उरलेलं उत्तर शोधायला त्याला सातासमुद्रापलीकडे जायचं होतं.

विद्यापीठ निवडताना मात्र गावानं मनापासून भाग घेतला होता. सुकदेवच्या डोळ्यांसमोर दोन होती. एक टेक्सास राज्यातलं, तिथे कापसाचा अभ्यास मोठा. दुसरं कान्सास राज्यातलं, तिथे ज्वारीचा. टेक्सासचं माहितीपत्रक गुळगुळीत आणि रंगीत होतं, त्यामुळे अर्धं गाव टेक्सासच्या बाजूनं होतं. पण घरातला शेवटचा शब्द धुरपदाबाईचा. धुरपदाबाई म्हणजे सुकदेवची आत्या. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती, आणि आईबाप लवकर गेलेल्या या भाच्याला तिनंच वाढवलं होतं. सुकदेव तिला आत्या म्हणे, बाकीचं गाव अक्का. तिनं रंगीत पुस्तक बाजूला सारलं आणि विचारलं, "कापूस खाता येस का?"

"नाही."

"मंग तठे काय खाशी? जठे जवारी पिकस तठे जाय."

अशा रीतीनं कान्सास ठरलं. अर्ज फेब्रुवारी संपायच्या आत तिकडे पोचायला हवा होता. जानेवारीची वीस तारीख उजाडली होती, विमानाच्या टपालालाही तीन आठवडे लागत, वर चारदोन दिवस हाताशी ठेवायचे, म्हणजे महिनाअखेरीला लिफाफा पोस्टात पडायला हवा. दहा दिवस होते आणि माणसं तीन हवी होती.

"दहा दिवसांत तीन माणसं!" गुरुजी हसले. "अरे, आपली दोन जिल्ह्यांत ओळख. चल, उद्या धुळ्याला जाऊ. तुझ्या देवरे सरांपासून सुरुवात करू."

इथे गुरुजींच्या हातून एक चूक झाली. अक्काला चष्म्याचा नंबर काढायचा होता, म्हणून त्यांनी तिलाही एस.टी.त घेतलं.

देवरे सर मोठा उमदा माणूस. सुकदेव त्यांचा आवडता विद्यार्थी. "पत्र? आत्ता देतो!" म्हणून त्यांनी कॉलेजचं नाव छापलेला कागद ओढला. पहिली ओळ लिहून होते न होते, तोच कोपऱ्यातल्या बाकावरून अक्कानं विचारलं, "भाऊ, तू कोठला शे?"

आता हे अक्काचं काही कुतूहल नव्हतं. ती तिची काम करण्याची पद्धत होती. कचेरी असो, दवाखाना असो की गिरणी, समोरच्या माणसाशी आधी नातं काढायचं आणि मग काम सांगायचं. पासष्ट वर्षांत तिचं एकही काम याशिवाय झालं नव्हतं आणि याउपर एकही अडलं नव्हतं. आज तर काम अमेरिकेचं. तिनं कंबर कसली होती.

"मी साक्रीकडचा, अक्का."

"सासर?"

"अमळनेर."

"बायकोले बहीण शे?"

"मोठी आहे. शिरपूरला दिलीय, सोनवण्यांकडे."

"नवरानं नाव?"

"भिकनराव."

"भिकन!" अक्का बाकावरून उठलीच. "अरे, भिकन तं मनी नणदना पोऱ्या! तू भिकनना साडू! म्हंजे तू आमना जवाई!"

देवरे सरांनी पेन टाकलं आणि अक्काच्या पाया पडले. "काय सांगता! भिकनरावांच्या मामी तुम्ही? आणि हा सुकदेव चार वर्षं माझ्यासमोर बसतोय, बोलला नाही कधी!"

अक्कानं विजयी मुद्रेनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते.

"सर," ते हळूच म्हणाले, "त्या फॉर्मवर अट आहे. शिफारस करणारा नात्यातला नसावा."

देवरे सर खाली बसले. "गुरुजी, मग अर्ध्या तासापूर्वी विचारायचं होतं. तेव्हा नातं नव्हतं."

"होतं. तुम्हाला माहीत नव्हतं."

"म्हणजे तेव्हा सही चालली असती."

"ती अज्ञानातली झाली असती. आता जाणूनबुजून होईल."

"पण आत्याच्या नणंदेच्या मुलाचा साडू, हे काय नातं झालं?" सुकदेव न राहवून बोलला.

अक्कानं एवढंच ऐकलं. तिचा चेहरा उतरला. "काय बोलना तू? भिकनना साडू तुना कोनी नही? असं लिखी दी ऱ्हायना का तू त्या कागदवर?"

देवरे सरांनी घाईघाईनं कागद खणात टाकला. "नाही नाही, मामी! कोण लिहितंय असं? चला घरी, जेवूनच जायचं." जेवण फार चांगलं झालं. पत्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी अक्काला घरी ठेवून दोघं दोंडाईच्याला निघाले. हस्तीमल शेठजींचं कापडाचं दुकान तिथे बाजारात होतं. "शेठजी मारवाडी," गुरुजी वाटेत समजावत होते. "जैन. घराणं मूळचं जोधपूरकडचं. सोयरीक तिकडची. त्यांच्याशी आपलं नातं अक्कालासुद्धा काढता यायचं नाही."

बाजाराचा दिवस होता. दुकानात आठदहा गावांची गिऱ्हाइकं बसली होती. शेठजींनी गादीवर जागा करून दिली, चहा सांगितला. गुरुजींनी पत्राचं सांगितलं. "देतो की! माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा." गुरुजींनी मग, कालची चूक आज नको म्हणून, अटही सांगितली.

शेठजींच्या हातातली कपबशी खाली आली.

"नात्यात नाही, असं मी लिहू?"

"तसे नाहीच आहात ना आपण."

"गुरुजी, कमलबाई, याची आई, माझी राखीबहीण. ती असेपर्यंत दर वर्षी या हाताला तिची राखी होती. याच्या बहिणीच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटाजवळ उभा राहिला तो कोण? मी! ते फेटा बांधलेले फोटो आहेत घरी, आणू? आणि आता अमेरिकेला लिहून देऊ, की माझा याचा काही संबंध नाही?"

"संबंध नाही असं नाही, शेठजी, फक्त रक्ताचं..."

"काय चुकलं माझं, सुकदेव? भाचा म्हणून कधी कमी केलं तुला?"

आवाज ऐकून आतून शेठजींच्या वृद्ध आई, लाडकुंवरबाई, काठी टेकत बाहेर आल्या. लेकानं त्यांना थोडक्यात सांगितलं, आणि थोडक्यात सांगितल्यामुळे गोष्ट आणखी वाईट वाटली. म्हातारीनं सुकदेवकडे पाहिलं. "परदेशी जाण्याआधीच नातं तोडतोस, बेटा? निदान तिकडे पोचल्यावर तरी तोडायचंस."

सुकदेवनं त्यांचे पाय धरले. गुरुजींनी दोन वेळा माफी मागितली. पण आठदहा गावांच्या गिऱ्हाइकांनी ऐकायचं ते ऐकलं होतं. संध्याकाळी बैलगाड्या परतल्या तेव्हा कापड, मिरच्या आणि गूळ यांच्याबरोबर एक बातमीही गावोगाव पोचली: अमेरिकेला जायचं तर सगळ्या नातेवाइकांकडून नातं नसल्याची सही घ्यावी लागते, आणि पुना गुरुजी तो कागद घेऊन फिरताहेत.

गुरुजींना हे माहीत नव्हतं. ते परतीच्या वाटेवर दोंडाईचा स्टेशनात थांबले. एक नवीन कल्पना त्यांना सुचली होती. स्टेशनमास्तर मद्रासकडचे होते. त्यांच्याशी तर ना रक्ताचं, ना राखीचं.

मास्तरांनी हिंदीमिश्रित मराठीत सगळं ऐकून घेतलं. "मी लिहील. पण मला इथे येऊन सहा महिने झाला. दोन वर्षं कसा लिहिणार? एक मात्र लिहील. हा मुलगा विनातिकीट कधी आला नाही."

"तेवढ्यावर अमेरिका घेईल का?" सुकदेवनं आशेनं विचारलं.

"अमेरिका माहीत नाही. रेल्वे घेईल."

घरी चालत जाताना गुरुजी बोटांवर माणसं मोजत होते. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "जो ओळखतो तो नात्यातला निघतो. जो नात्यातला नाही तो ओळखत नाही. गणित सुटत नाही बुवा."

पुढचे पाच दिवस सुकदेवच्या अंगणात रीघ लागली. कुणी रुसून आलं, कुणी समजूत घालायला. चुलत आजोबा आले आणि न बोलता तासभर बसून गेले, ते सगळ्यांत कठीण गेलं. शिरपूरहून भिकनरावांचा निरोप आला, की आमचं नातं तोडायचं असेल तर निदान आम्हाला बोलवून तोडा. आनंदानं आलेला माणूस एकच. तो म्हणजे झुलाल, सुकदेवचा चुलता. बांधावरचं निंबाचं झाड कोणाचं, यावरून बारा वर्षं त्याचं या घराशी बोलणं बंद होतं.

"कोठे शे तो कागद?" झुलालनं अंगणातूनच आवाज दिला. "आना आठे! मी सही करी देस. तीन सह्या पाहिजे ना? तिन्ही मीच करस!"

"झुलाल, तू त्याच्या बापाचा सख्खा भाऊ," गुरुजी म्हणाले.

"मी नही म्हनस ना! बारा वरीसपाईन म्हनी ऱ्हायनू."

साऱ्या मुलखात सही करायला उत्सुक असलेला माणूस एकच, आणि तोच सगळ्यांत जवळचा. गुरुजींना हसू आलं, पण सुकदेवचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. पोरगा ओट्यावर बसून फॉर्मची घडी घालत होता.

"राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "लोक दुखावले तेवढे पुरे. काणीचं उत्तर दुसरं कुणी शोधेल."

त्या वाक्यानं गुरुजींना कुठेतरी टोचलं. वर्गात एखाद्या पोराचं गणित चुकलं की ते आधी एक गोष्ट पाहत: गणित चुकलंय, की फळ्यावर उतरवतानाच चुकलंय? त्यांनी फॉर्म मागून घेतला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "सुकदेव, आपण इतके दिवस यांना हवा तसा माणूस शोधत होतो. तसा माणूस आपल्याकडे नाही. मग नाही, असंच खरं लिहू या. हस्तीमल शेठजींना निरोप पाठव. देवरे सरांनाही. आणि अक्काला बोलव, तिच्याशिवाय हे होणार नाही."

तिसऱ्या दिवशी सगळे अंगणात जमले. गुरुजींनी शाळेतला नकाशाचा मोठा कागद आणला होता. वर विद्यापीठाला पत्र लिहिलं: "आपण सांगितलेल्या प्रकारचा माणूस आम्ही प्रामाणिकपणे शोधला. तो आमच्याकडे मिळत नाही. इथे दोन वर्षं ओळख राहिली की माणूस परका राहत नाही. तरी ज्यांनी या मुलाला जवळून पाहिलं आहे, अशा तिघांची पत्रं सोबत आहेत, त्यांतलं एक माझं. कोणाचं त्याच्याशी काय नातं आहे ते जोडलेल्या तक्त्यात दाखवलं आहे. आपण ते वजा करून काय उरतं ते पाहावं."

तक्ता अक्कानं सांगितला आणि गुरुजींनी काढला. मधोमध सुकदेव, भोवती चौकोन, चौकोनांना जोडणारे बाण. नातं रक्ताचं असेल तर सरळ रेघ, लग्नातून आलेलं असेल तर तुटक, राखीचं असेल तर लाल शाईची. शेठजींनी लाल रेघ दोनदा जाड करून घेतली. देवरे सरांपर्यंत पोचायला चार चौकोन लागले. इतर लोकही वाकून वाकून आपलं नाव शोधू लागले, कुणाचं राहिलं की अक्का सांगे आणि एक चौकोन वाढे. रुसलेले चुलत आजोबा आपल्या चौकोनाकडे बघून पहिल्यांदा हसले.

गर्दीच्या मागून एकदम आवाज आला. "मनं नाव कोठे शे?"

झुलाल होता.

"तू तर नातं नाही म्हणत होतास," गुरुजी म्हणाले.

"ते मी म्हनस! तुमी कोन म्हननारा? बठ्ठा गाव शे आनि सख्खा काका नही? अमेरिकाना लोक काय म्हनतीन?"

गुरुजींनी मान खाली घालून चौकोन काढला. सगळ्यांत जवळचा, सरळ रेघेचा.

"आते निंब काढा," झुलाल म्हणाला. "मना बाजूले."

"निंब नात्यातलं नाही, झुलाल."

"मंग मनं नाव खोडा!"

अंगणात पुन्हा गलका झाला. तीस तारीख होती. गुरुजींनी थोडा विचार केला आणि चौथीच्या पोरांना चित्रकला शिकवावी तसं एक डेरेदार झाड काढलं, नेमकं झुलालच्या आणि सुकदेवच्या चौकोनांच्या मध्ये. कुणाच्याच बाजूला नाही. झुलालनं ते पुष्कळ वेळ निरखलं, आणि नाव खोडायचं पुन्हा काढलं नाही.

लिफाफा दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याला पोस्टात पडला.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलच्या कडक उन्हात एकदा पोस्टमन सायकल ढकलत आला. सुकदेवला प्रवेश मिळाला होता, शिकता शिकता प्रयोगशाळेत कामही मिळणार होतं. अंगणात एकच आरडाओरडा झाला. अक्कानं पोस्टमनच्या तोंडात गूळ घातला आणि त्याचं गाव विचारलं. मग कळलं, की लिफाफ्यात आणखी एक पत्र आहे, आणि ते गुरुजींच्या नावानं आहे.

गुरुजींनी चष्मा पुसला. ते एकेक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि मराठीत सांगायचे.

"प्रोफेसर मिलर म्हणून आहेत. म्हणतात, 'आपला तक्ता आम्ही वजाबाकी करून पाहिला. उरलं ते पुरेसं आहे. आमच्या समितीत आम्ही तिघं आहोत. अध्यक्ष माझ्या बायकोचे भाऊ. तिसरे गृहस्थ त्यांचे व्याही. आमचं गाव लहान आहे. ती अट फॉर्मवर कोणी घातली, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच आठवत नाही.'"

अंगणभर हशा पिकला. हस्तीमल शेठजींनी मांडीवर थाप मारली. "घ्या! मेहुणा, व्याही! आणि आम्हाला सांगतात!"

"थांबा, अजून आहे. 'तक्ता मी माझ्या खोलीत भिंतीवर लावला आहे. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. दोन चौकोनांच्या मध्ये जे झाड आहे, ते कोणाचं?'"

सगळ्यांच्या माना झुलालकडे वळल्या. झुलालनं पागोटं सारखं केलं, खाकरला, सुकदेवकडे पाहिलं. मग गुरुजींना म्हणाला, "लिखी द्या. दोन्ही घरनं शे."

अक्का पदरानं डोळे पुसत उठली आणि सगळ्यांना सरबत करायला आत गेली. दारात थबकून तिनं मागे पाहिलं.

"पुना गुरुजी, त्या मिलरले इचारा, त्याना मामा कोठला शे."

"अक्का, अहो, तो अमेरिकन माणूस आहे."

"मंग? अमेरिकामा मामा ऱ्हातस नही का?"

त्या दुपारी गुरुजींनी प्रोफेसरांना उत्तर लिहिलं. आभार मानले, झाडाचा खुलासा केला, मुलाला थंडीचा त्रास होतो हे कळवलं आणि सही केली. टोपण लावलं. मग इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून त्यांनी टोपण पुन्हा काढलं आणि सहीखाली लहान अक्षरांत एक ओळ लिहिली:

"ता. क. आपल्या मातोश्रींचं माहेर कोणतं, ते कळवावं."